नव्या मॉडेलची वाट: नाशिकमधल्या एका इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायरचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावसभावाचं. दादा नाशिकला राहतो, पन्नाशी ओलांडली आहे, आणि काकांनी नोकरीच्या काळात एकेक करून जमवलेल्या रेकॉर्डचा मोठा साठा त्याच्याकडे आहे. २०२२ मध्ये त्याचा जुना देशी बनावटीचा इंटिग्रेटेड (स्रोत निवडणं, आवाज कमी-जास्त करणं आणि ध्वनिवर्धन एकाच डब्यात करणारा) अ‍ॅम्प्लिफायर कुरकुरायला लागला. आवाजाचा नॉब फिरवला की खरखर, आणि डावा चॅनेल मधूनच गायब. त्याने नवा घ्यायचं ठरवलं, बरंच वाचलं आणि केंब्रिज ऑडिओच्या सीएक्सए८१ वर त्याचं मन बसलं. पैसेही बाजूला काढले. आणि तिथेच तो अडला.

अडण्याचं कारण त्याने मला फोनवर सांगितलं ते असं: "अरे, २०१५ ला सीएक्सए८० आला. २०१९ ला ८१ आला. म्हणजे २०२३ ला पुढचा येणार. आता लाखाच्या घरातली वस्तू घ्यायची आणि वर्षभरात ती जुनी व्हायची? त्यापेक्षा थांबतो."

हिशोब चुकीचा नव्हता. २०२३ च्या उत्तरार्धात त्या मॉडेलची दुसरी आवृत्ती खरोखरच आली. तरीही ही वाट पाहणं त्याच्या उपयोगाचं नव्हतं असं माझं मत आहे, आणि ते का, हे नीट मांडण्यासारखं आहे. हाय-फायचा नाद असलेल्या बहुतेकांवर हा प्रसंग येतो आणि बहुतेक जण तारखांचाच हिशोब मांडत बसतात.

आधी त्या मालिकेविषयी

केंब्रिज ऑडिओ ही ब्रिटिश कंपनी १९६८ मध्ये सुरू झाली. तिचं पहिलं उत्पादनच पी४० नावाचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर होतं आणि त्यात टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता. त्या काळी ही नवलाईची गोष्ट होती. आजही त्यांच्या या वर्गातल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर टोरॉइडलच असतो आणि ध्वनिवर्धन क्लास एबी नावाच्या जुन्या, रुळलेल्या पद्धतीनेच होतं. हा मुद्दा मी दादाला पहिल्यांदा सांगितला. दोन चॅनेलच्या अ‍ॅम्प्लिफायरचा गाभा म्हणजे ट्रान्सफॉर्मर, फिल्टरचे कपॅसिटर, आउटपुट ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक. ही विद्या कित्येक दशकांपूर्वीच पक्की झालेली आहे. दर चार वर्षांनी ती पालटत नाही. मग नव्या आवृत्तीत पालटतं काय?

सीएक्सए८० हा ८ ओहमला (म्हणजे ८ ओहम रोधाच्या स्पीकरला) ८० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर होता. डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारी डीएसी चिप वुल्फसन कंपनीची, डब्ल्यूएम८७४०. ब्लूटूथ हवं असेल तर वेगळा डोंगल घ्यावा लागे. पुढच्या पट्टीवर बास, ट्रेबल आणि बॅलन्सचे नॉब होते. इंग्लंडात त्याची किंमत ७५० पौंडांच्या आसपास होती.

सीएक्सए८१ मध्ये वॉट तेवढेच राहिले, ८०. डीएसी चिप ईएसएस कंपनीची आली, ईएस९०१६के२एम. ब्लूटूथ आतच आलं, तेही एपीटीएक्स एचडी या वरच्या दर्जाच्या पद्धतीसह. यूएसबीवरून डीएसडी२५६ पर्यंतच्या, म्हणजे अतिसूक्ष्म ध्वनिमुद्रणाच्या, फाइल वाजू लागल्या. किंमत हजार पौंडांच्या घरात गेली. आणि बास, ट्रेबल, बॅलन्सचे तिन्ही नॉब गेले.

ही शेवटची ओळ दादाच्या वाचनातून निसटली होती. दोष त्याचा नाही. नव्या मॉडेलच्या परिचयात काय आलं ते ठळक छापतात, काय गेलं ते वाचकाने जुन्या आणि नव्या फोटोंची तुलना करून शोधायचं असतं. नॉब काढण्यामागे कंपन्यांचं एक तत्त्व असतं. सिग्नलच्या वाटेत जितके कमी घटक, तितका तो शुद्ध. चांगल्या ध्वनिमुद्रणासाठी हे तत्त्व मला मान्य आहे. पण दादाच्या घरात काय वाजतं, हा प्रश्न त्या तत्त्वाच्या आधी येतो.

त्याच्या घरात काय वाजतं

मी त्याला एक काम सांगितलं. आठवडाभर घरात जे जे ऐकलं जाईल ते वहीत लिही. काय वाजलं, कशावरून वाजलं आणि किती मोठ्याने. आवाज मोजायला फोनमधलं साधं डेसिबल-मीटर पुरे. असं मोजमाप प्रयोगशाळेच्या तोडीचं नसतं, पण अंदाज घ्यायला चालतं.

वहीतून चित्र बरंच स्पष्ट झालं. संध्याकाळी सगळ्यात जास्त वेळ टीव्ही चालायचा, आणि त्यावरही मालिका कमी, यूट्यूबवरच्या मैफिली जास्त. ही नोंद वहिनींनी केलेली, कारण दादाच्या मते टीव्ही "ऐकण्यात" धरायचाच नव्हता. त्याखालोखाल फोनवरून गाणी. पेन ड्राइव्हवर साठवलेली काकांच्या काळातलं संगीत: बालगंधर्वांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवरून उतरवलेली पदं, कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे, किशोरीताई. रेकॉर्ड मात्र एकही नाही. रेकॉर्ड प्लेअर कपाटावर चादरीखाली होता, कारण डावा चॅनेल जातोय तर रेकॉर्ड कशाला खराब करा, असं त्याचं म्हणणं. ज्या साठ्यासाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा होता, तोच साठा वाट पाहण्याच्या काळात पूर्ण बंद होता.

आवाजाची पातळी बहुतेक वेळा ७० डेसिबलच्या मागेपुढे होती. दादाची खोली साधारण १२ बाय १४ फूट, सोफा स्पीकरपासून ९ फुटांवर. स्पीकर लहान, शेल्फवर बसणारे, संवेदनशीलता ८७ डेसिबल. याचा अर्थ एक वॉट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. दोन स्पीकर आणि खोलीच्या भिंतींची मदत धरून ९ फुटांवर एका वॉटला सुमारे ८३-८४ डेसिबल मिळतात असं आम्ही धरलं. आवाज १० डेसिबलने खाली आणला की शक्ती दहापटीने कमी लागते. म्हणजे ७० डेसिबलला दादाचा अ‍ॅम्प्लिफायर सरासरी वॉटचा दहावा भागसुद्धा देत नव्हता! पखवाजाची थाप किंवा तानेची उसळी सरासरीपेक्षा १५-२० डेसिबल वर जाते असं धरलं तरी दोन-चार वॉटांत सगळं आटपतं. आणि एखाद्या रविवारी दारं लावून सरासरी ८० डेसिबलला ऐकलं, तर टोकाच्या क्षणांना ४० वॉटांच्या आसपास लागतील.

हे गणित कागदावर मांडल्यावर "पुढच्या आवृत्तीत १०० वॉट देतील" ही त्याची आशा मी बाजूला ठेवायला सांगितली. ८० वरून १०० वॉट म्हणजे एक डेसिबलचीही वाढ नाही. तेवढा फरक समोरासमोर बदलून ऐकला तरच कसाबसा कळतो.

नॉबचा प्रश्न

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे.

७८ गतीच्या तबकड्यांमध्ये वरच्या पट्ट्यांतली माहिती मुळातच कमी असते आणि त्या जागी सुईची खसखस भरलेली असते. शिवाय त्या काळी ध्वनिमुद्रण करताना वापरायचं स्वरपट्ट्यांचं वजन, म्हणजे कुठले स्वर किती ठळक नोंदवायचे याचं प्रमाण, कंपनीगणिक वेगळं होतं. आरआयएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचं, प्रमाण १९५४ च्या सुमारास रुळलं, त्याआधीच्या तबकड्या कुणी कशा उतरवल्या त्यावर त्यांचा आवाज कर्कश होणार की बसका, हे ठरतं. पेन ड्राइव्हवरच्या फाइल तर कुणी, कुठल्या सुईने, कशातून उतरवल्या याचा पत्ताच नसतो. असं संगीत ऐकताना ट्रेबलचा नॉब थोडा मागे घेणं हा जुन्या श्रोत्यांचा रोजचा परिपाठ आहे, आणि तो योग्य आहे. बालगंधर्वांचा आवाज पुढे येतो, खसखस मागे सरते.

दुसरी गोष्ट हलक्या आवाजात ऐकण्याची. माणसाचा कान सगळे स्वर सारख्याच जोराने ऐकत नाही. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. आवाज कमी केला की खालचे स्वर कानाला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. रात्री दहानंतर फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा विचार करून आवाज उतरवला की तबल्याचा बायां नाहीसा होतो आणि तानपुरा पातळ वाटतो, त्याचं कारण हे. यावर उपाय म्हणजे बास वाढवण्याची सोय किंवा जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर असायचं ते लाउडनेसचं बटण.

दादाचं बहुतेक ऐकणं नेमकं या दोन प्रकारांत मोडत होतं: जुनं ध्वनिमुद्रण आणि रात्रीचा हलका आवाज. त्याच्या मरणपंथाला लागलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर बास, ट्रेबल आणि लाउडनेस तिन्ही होते आणि तो ते रोज वापरत होता. ज्या यंत्रासाठी तो पैसे घेऊन थांबला होता त्यावर तिन्हींपैकी एकही नव्हतं. पुढच्या आवृत्तीत ते परत येतील असं मानायलाही काही आधार नव्हता. एकदा साध्या पट्टीकडे वळलेली मालिका सहसा मागे फिरत नाही.

रेकॉर्डचाही तोच प्रकार. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई धरणाऱ्या चुंबकी भागातून, येणारा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा असतो. त्याला सुमारे शंभरपट मोठं करून आरआयएएची दुरुस्ती करणारा फोनो स्टेज लागतो. तो नसेल आणि प्लेअर सरळ लाइन इनपुटला लावला, तर आवाज दूरच्या फोनसारखा बारीक आणि बासविरहित येतो. ८० मध्ये फोनो नव्हता, ८१ मध्ये नव्हता. वेगळा घ्यावा लागला असता.

जुन्या यंत्राची दुरुस्ती

या सगळ्या चर्चेत जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडून बघायचं राहूनच गेलं होतं. "वीस वर्षांचा झालाय, आता काय दुरुस्त करायचा," असं दादा म्हणाला. मी नाशिकला गेलो तेव्हा आम्ही साधी तपासणी केली. मागच्या बाजूला स्पीकरच्या डाव्या-उजव्या तारा अदलाबदल केल्या. आता उजव्या स्पीकरचा आवाज गायब व्हायला लागला, म्हणजे स्पीकर ठीक, दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या आधी. मग तारा पूर्ववत करून इनपुटच्या आरसीए पिना (डाव्या-उजव्या चॅनेलच्या केबलची टोकं) अदलाबदल केल्या. गायब होणारा चॅनेल डावाच राहिला, म्हणजे दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्येच.

आणि एक लक्षण फार बोलकं होतं. आवाज मोठा केला की गेलेला चॅनेल झटकन परत यायचा. हे बहुतेक वेळा स्पीकर-रिलेचं, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या स्विचचं, दुखणं असतं. यंत्र चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी जो "टक" आवाज येतो तो या रिलेचा. त्याच्या संपर्कबिंदूंवर वर्षानुवर्षांत काळा थर चढतो. हलका सिग्नल तो थर ओलांडत नाही, जोराचा ओलांडतो. हलक्या आवाजात ऐकणाऱ्याला हा त्रास म्हणूनच जास्त होतो.

रविवार कारंज्याजवळच्या एका जुन्या रेडिओ-टेपवाल्या कारागिराने रिले नवी टाकली, आवाजाच्या नॉबमागचं पोटेन्शिओमीटर बदललं आणि फुगायला लागलेले दोन फिल्टर कपॅसिटर काढून त्याच मापाचे नवे बसवले. खर्च नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतीपुढे नगण्य. यंत्र पुन्हा दोन्ही चॅनेलवर सुरळीत चालू झालं. रेकॉर्ड प्लेअरवरची चादर त्याच आठवड्यात निघाली, कारण या जुन्या डब्यात फोनो इनपुटही होतं.

माझ्या मते प्रकरणाला वळण इथे लागलं. वाट पाहण्याची खरी किंमत पैशांत नव्हती. वर्षभर घरात संगीत अर्धंमुर्धं वाजत होतं, ही ती किंमत होती. जुना सुधारल्यावर ती शून्यावर आली आणि दादाला घाईही राहिली नाही, हुरहुरही राहिली नाही. आता थांबायचं असेल तर खुशाल थांबावं, असं मीच त्याला म्हणालो. पण कशासाठी थांबतोयस ते एका वाक्यात लिहून ठेव.

त्याने लिहिलं: "फोनो, टोनचे नॉब, टीव्हीचा आवाज." यातल्या तिसऱ्या गोष्टीसाठी वहिनींनी आग्रह धरला होता.

वेळापत्रकावर किती विसंबायचं

चार-चार वर्षांचा क्रम दिसतो तेव्हा तो नियमासारखा वाटू लागतो. पण या धंद्यात वेळापत्रकं बाहेरच्या कारणांनी मोडतात. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमधल्या मियाझाकी प्रांतातल्या नोबेओका इथे असाही कासेई मायक्रोडिव्हायसेसच्या चिप कारखान्याला आग लागली. ऑडिओसाठीच्या डीएसी आणि उलट काम करणाऱ्या एडीसी चिपचा हा मोठा पुरवठादार. जगभरातल्या कित्येक कंपन्यांची यंत्रं याच चिपभोवती आखलेली होती. काहींनी उत्पादन थांबवलं, काहींनी ईएसएससारख्या दुसऱ्या कंपनीच्या चिप घेऊन सर्किट बोर्ड नव्याने आखले. त्यात कोविडकाळातली चिपटंचाई आणि जहाजवाहतुकीचा खोळंबा. त्या दोन-तीन वर्षांत "पुढचं मॉडेल अमुक महिन्यात" असं छातीठोकपणे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. काही "सुधारित" आवृत्त्यांचं मूळ कारणही जुनी चिप मिळेनाशी होणं एवढंच होतं, हे ग्राहकाने लक्षात घ्यायला हवं.

भारतातल्या ग्राहकाला आणखी एक टप्पा असतो. परदेशात जाहीर झालेलं मॉडेल इथल्या वितरकाकडे यायला काही महिने लागतात, आणि आयात शुल्क, जीएसटी आणि पौंडाचा त्या वेळचा दर धरून त्याची इथली किंमत ठरते. जुन्या मॉडेलच्या उरलेल्या नगांवर सूट मिळते ती याच मधल्या काळात. परदेशातून कुणाबरोबर आणलेलं यंत्र स्वस्त पडतं खरं, पण वॉरंटी इथे चालेलच असं नाही, आणि अमेरिकेतलं असेल तर ते बहुधा १२० व्होल्टवर लावलेलं असतं. दादाच्या मेहुण्याने न्यू जर्सीहून आणायची तयारी दाखवली होती. व्होल्टेजच्या मुद्द्यावर तो विचार तिथेच सोडला.

दुसरी आवृत्ती आली

२०२३ च्या उत्तरार्धात सीएक्सए८१ एमके२ आला. शक्ती तीच, ८० वॉट. डीएसी चिप ईएस९०१६के२एमच्या जागी तिच्याच घराण्यातली वरची, ईएस९०१८के२एम. आतले काही घटक सुधारलेले, रूप थोडं बदललेलं. फोनो नाही, टोनचे नॉब नाहीत, टीव्ही जोडायचं एचडीएमआय नाही.

डीएसीचा हा बदल खोटा नाही. ईएस९०१८के२एमची डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, १२७ डेसिबल अशी ईएसएस स्वतः सांगते. पण १६ बिटांच्या सीडीची मर्यादा ९६ डेसिबलच्या आसपास आहे. जुन्या तबकडीचा आवाका याहून कितीतरी कमी. आणि नाशिकमधल्या घरात पंखा चालू असताना खोलीचाच गोंगाट ३५-४० डेसिबल असतो. नव्या चिपने मिळवलेली शांतता त्या पंख्याखाली गाडली जाणार. शिवाय डीएसी हा अ‍ॅम्प्लिफायरमधला असा भाग आहे की तो पुढे कधीही वेगळा घेऊन बाहेरून जोडता येतो. ज्याची उणीव बाहेरून भरून काढता येते त्यासाठी मुख्य यंत्राची खरेदी अडवून ठेवणं मला पटत नाही.

पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, त्याच कंपनीचा ईएक्सए१०० आला, १०० वॉटचा, आणि त्यात टीव्हीसाठी एचडीएमआय होतं. एमके२ साठी थांबून एमके२ घेतला असता तर काही महिन्यांत पुन्हा तीच चुटपुट लागली असती.

मुंबईत ऐकून पाहिलं

नाशिकमध्ये ऐकून बघायची सोय नव्हती म्हणून दादा आणि मी मुंबईला गेलो. दुकानदार सज्जन होता, भरपूर वेळ दिला. आम्ही दादाच्याच पेन ड्राइव्हवरचं संगीत नेलं आणि आधीच विनंती केली की दोन यंत्रांचा आवाज मोजून सारखा करायचा. हे कटाक्षाने करावं लागतं. एक डेसिबलने मोठं वाजणारं यंत्र जास्त स्पष्ट आणि जिवंत वाटतं, आणि माणूस त्यालाच चांगलं म्हणून मोकळा होतो.

सीएक्सए८१ आणि यामाहाचा ए-एस५०१ शेजारी शेजारी लावले. ए-एस५०१ हे २०१४ चं मॉडेल, ८ ओहमला ८५ वॉटचं. दहा वर्षं तेच विकलं जात होतं. किशोरीताईंच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणावर सीएक्सए८१ मला किंचित मोकळा वाटला, स्वरमंडलाच्या तारा सुट्या ऐकू येत होत्या. फरक होता, पण दुकानातून बाहेर पडल्यावर आठवणीत राहील एवढा नव्हता. मग बालगंधर्व लावले. सीएक्सए८१ वर जे ध्वनिमुद्रणात होतं ते सगळं आलं, खसखशीसकट. यामाहावर दादाने उठून ट्रेबल थोडा मागे घेतला, लाउडनेसचा नॉब किंचित फिरवला आणि आवाज घरच्या पातळीला आणला. या यंत्रावर लाउडनेस हा चालू-बंद बटणाचा नसून हळूहळू फिरवायचा नॉब आहे, त्यामुळे किती हवं ते कानाने ठरवता येतं. ऑर्गनचा भरणा परत आला. "हेच," दादा म्हणाला.

ए-एस५०१ मध्ये मूव्हिंग मॅग्नेटसाठी फोनो आहे, ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सियल डिजिटल इनपुट आहेत. ब्लूटूथ नाही. त्यासाठी दादाने वेगळा छोटा रिसीव्हर घेतला. किंमत सीएक्सए८१ पेक्षा बरीच कमी होती, सीएक्सए८१ च्या उरलेल्या नगांवर सूट होती तरीही. उरलेल्या पैशांतून रेकॉर्ड प्लेअरला नवं कार्ट्रिज बसवलं, स्पीकरखाली जड स्टँड आले आणि समोरच्या खिडकीला जाड पडदे. या तीन गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा डीएसीच्या दोन पिढ्यांनी पडला नसता, हे मी खात्रीने सांगतो.

टीव्हीचा आवाज सुरुवातीला येईचना. ऑप्टिकल केबल लावली तरी स्पीकरमधून काही नाही. कारण टीव्हीची डिजिटल आउटपुटची निवड डॉल्बीवर होती. दोन चॅनेलचा साधा अ‍ॅम्प्लिफायर तो सिग्नल उलगडू शकत नाही, त्याला पीसीएम, म्हणजे साधा न गुंडाळलेला डिजिटल सिग्नल, लागतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते बदललं आणि काम झालं. टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, अ‍ॅम्प्लिफायरचा वेगळा रिमोट हातात धरावा लागतो. वहिनींना हे अजून पटलेलं नाही, आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

थांबणं कधी बरोबर ठरलं असतं

वहिनींच्या त्या तक्रारीतच उत्तर आहे. या घराला टीव्ही हाच मुख्य स्रोत मानायचा असता, तर एचडीएमआय असलेल्या इंटिग्रेटेडसाठी थांबणं शहाणपणाचं होतं. एचडीएमआयच्या एआरसी जोडणीत (टीव्हीचा आवाज त्याच केबलने परत पाठवण्याची सोय) टीव्हीच्याच रिमोटने आवाज बदलतो आणि टीव्हीबरोबर अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद होऊ शकतो. ही सोय बाहेरून डबा जोडून तितकी सुटसुटीत होत नाही आणि बाजार त्या दिशेने जात होता हेही दिसत होतं. नेमकी उणीव, ती बाहेरून भरून न निघणारी, आणि बाजारात तिची चाहूल. या तिन्ही गोष्टी जुळल्या की मी थांबायला सांगतो.

नेम या ब्रिटिश कंपनीच्या ग्राहकांचं उदाहरण याला धरून आहे. तिचे सुपरनेट आणि नेट एक्सएस हे इंटिग्रेटेड घेणाऱ्यांना रेकॉर्डसाठी वेगळा फोनो स्टेज जोडावा लागत असे. २०१९ मध्ये सुपरनेट ३ आणि नेट एक्सएस ३ आले आणि दोन्हींत मूव्हिंग मॅग्नेट फोनो आतच होता. एकाच डब्यात सगळं हवं म्हणून जो थांबला त्याला थांबल्याचं मोल मिळालं.

एनएडी या कंपनीचं उदाहरण दुहेरी आहे. १९७८ चा त्यांचा ३०२० हा २० वॉटचा साधा अ‍ॅम्प्लिफायर जगभर गाजला. त्याचं नाव पुढे चालवत २०१३ मध्ये डी ३०२० आला, ३० वॉटचा, क्लास डी या नव्या, कमी वीज खाणाऱ्या पद्धतीचा, आत डीएसी आणि ब्लूटूथ, पण फोनो नाही. २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोनो आला आणि संगणकासाठीचं यूएसबी इनपुट गेलं. रेकॉर्डवाला खूश, संगणकावरून ऐकणारा हिरमुसला. दोघंही त्याच एका "सुधारित" आवृत्तीची वाट पाहत होते.

दादाने जुना अ‍ॅम्प्लिफायर विकला नाही. तो आता त्याच्या मुलीच्या खोलीत लहान स्पीकरवर चालतो. रिले बदलल्यापासून डावा चॅनेल एकदाही गेलेला नाही. सीएक्सए८१ च्या पुढच्या आवृत्तीबद्दल दादा अजून वाचतो, मला दुवेही पाठवतो. हल्ली मात्र तो सगळ्यात आधी यंत्राच्या मागच्या बाजूचा फोटो उघडतो आणि कुठली भोकं वाढली, कुठली कमी झाली ते मोजतो.